चाळीस सेकंदांनंतर विमानाचा जोर ओसरतो. मोटर बदलूनही फरक नाही

माळावरून
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १२०० मिलिमीटर पंखविस्ताराचे रेडिओवर चालणारे फोमचे शिकाऊ विमान आहे आणि बॅटरीसकट त्याचे वजन १०५० ग्रॅम भरते. मोटर २२१२ आकाराची, १००० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे) आहे. ईएससी, म्हणजे मोटरचा वेगनियंत्रक, ३० अँपिअरचा, प्रॉप (पुढचा फिरता पंखा) १० बाय ४.५ इंची आणि बॅटरी ३एस (तीन सेलांची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर), २२०० एमएएच, २५सी अशी आहे. गेल्या हिवाळ्यात अलिबागला असताना हेच विमान सात-सात मिनिटे निवांत उडत असे. पावसाळ्यात बदली होऊन मी पुण्याला आलो आणि चार महिने विमान खोक्यातच राहिले.

दसऱ्यानंतर पुन्हा उडवायला काढले, तेव्हापासून एकच रड आहे. पूर्ण थ्रॉटल देऊन हातातून सोडले की विमान चढते, पण पूर्वीसारखे झेपावत नाही. साधारण चाळीस सेकंदांनी मोटरचा आवाज खाली येतो आणि मग ती बंदच पडते. थ्रॉटल शून्यावर आणून पुन्हा वर केला की मोटर सुरू होते, पण जोर निम्माच असतो. उतरवून बॅटरी मोजली, तर १२.२ व्होल्ट, म्हणजे ती जवळजवळ भरलेलीच. मोटर गेली असे समजून मी नवी मोटर आणून बसवली, तरी फरक शून्य. प्रॉप काढून टेबलावर चालवली की दोन्ही मोटरी छान गरगरतात. आता ईएससी बदलावा की बॅटरी, हे कृपया सांगावे.

निमूट
आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एवढेच नोंदवून मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

ओहमकार
माळावरून, तूर्त काहीच बदलू नका. प्रॉप काढून घेतलेली चाचणी या दोषासाठी निरुपयोगी आहे. प्रॉप नसताना ही मोटर जेमतेम अर्धा-एक अँपिअर घेते आणि प्रॉप लावून पूर्ण थ्रॉटल दिला की तिची भूक बारा-पंधरा अँपिअरपर्यंत जाते. वाटेत कुठे अडथळा असेल, तर तिथे गळणारे व्होल्ट प्रवाहाच्या प्रमाणात वाढतात. सोसायटीच्या टाकीत पाणी भरपूर असते आणि नळाची चकती अर्धी बुजलेली असते, तेव्हा थेंब-थेंब धारेला काहीच कळत नाही. बादली भरायला बसल्यावर मात्र सगळे उघडकीला येते. उतरल्यावर मोजलेले १२.२ व्होल्ट हे नळ बंद असतानाचे टाकीचे माप आहे.

कोणाकडून तरी वॉटमीटर मागून आणा, तो बॅटरी आणि ईएससी यांच्या मध्ये जोडा आणि प्रॉप लावून, पूर्ण थ्रॉटलला, व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे इथे द्या. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. शिकाऊ विमानाला किलोमागे दीडशे ते दोनशे वॉट मिळाले पाहिजेत, म्हणजे तुमच्या विमानाला किमान १६० च्या आसपास.

घिरट्या
वॉटमीटर कशाला हवा? बॅटरी मेलेली आहे. चार महिने खोक्यात, आणि मी खात्रीने सांगतो की पूर्ण भरून ठेवली असणार. लायपो साठवायची असेल, तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा लागतो, ४.२ वर ठेवून विसरले की ती आतून म्हातारी होते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. वरून १२ व्होल्ट दाखवते आणि ओझे आले की मान टाकते. एका वडापावाची पैज.

माळावरून
घिरट्या, पूर्ण भरून ठेवली होती, हे मान्य करतो. अजून फुगलेली मात्र नाही. वॉटमीटर शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाकडे आहे, रविवारी आणतो.

सोलापुरी
एक प्रश्न. मोटर बंद पडली, तेव्हा सर्व्हो (विमान वळवणाऱ्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) चालत होते का? म्हणजे विमान वळत होते का?

माळावरून
हो, पूर्णपणे. मोटर बंद असताना वळवून, व्यवस्थित सरकवत उतरवले.

सोलापुरी
मग रिसीव्हरचा वीजपुरवठा शाबूत आहे आणि रेडिओचा संपर्क तुटला नव्हता, असे धरायला हरकत नाही. व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की ईएससी स्वतःहून मोटर तोडतो आणि उरलेली वीज सर्व्होंसाठी राखून ठेवतो. तुमच्याकडे नेमके तेच घडते आहे. याचा अर्थ ईएससी आपले काम चोख करतो आहे. त्याला भूक लागलेली आहे. तो आजारी नाही.

जुना पंखा
मी एनसीसीच्या वायुदल विभागात होतो, तेव्हा आमच्या विमानांना मिथेनॉल आणि एरंडेल तेल लागत असे आणि घरी आल्यावर आई शर्ट वेगळा भिजवत असे. त्यामुळे विजेच्या मोटरीविषयी माझे ज्ञान बेताचेच आहे, पण प्रॉप दोन्ही युगांत सारखाच. प्रॉपवर आकार कोरलेला असतो. ती अक्षरे विमानाच्या पुढच्या दिशेला, म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे आहेत ना? नवी मोटर बसवताना प्रॉप उलटा लागला, तर तो फिरतो, वाराही फेकतो, पण जोर फार कमी मिळतो. आणि मोटर उलटी फिरत असेल, तर प्रॉप उलटवू नका. मोटरच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन आपसांत बदला.

तिरकी शेपटी
जुना पंखा काकांनी माझ्या जखमेवर मीठ चोळले. मी पूर्ण एक महिना प्रॉप उलटा लावून उडवत होतो आणि सगळ्यांना सांगत होतो की या विमानाचे शेपूट जड आहे. शेपूट हलके करण्यासाठी मी त्यातला फोमही कोरून काढला होता. माझ्या आयडीची कथा ही अशी आहे.

माळावरून यांना सुचवणी : ट्रान्समीटर बदलला असेल, तर ईएससीला थ्रॉटलची दोन्ही टोके नव्याने शिकवा. प्रॉप काढायचा, थ्रॉटल पूर्ण वर ठेवून ट्रान्समीटर चालू करायचा, मग बॅटरी जोडायची, बीप ऐकू आले की थ्रॉटल खाली आणायचा. ही टोके जुळत नसतील, तर काठी पूर्ण वर असूनही ईएससी आपल्याला ऐंशी टक्केच मागितले असे समजतो. एवढे करूनही जोर कमी वाटला, तर ११ इंची प्रॉप लावा किंवा सरळ ४एस बॅटरी लावा.

ओहमकार
तिरकी शेपटी, पहिली सूचना उत्तम, दुसरी घातक. आधीच ज्या वाटेने वीज नीट पोचत नाही, तिच्यावर अधिक ओझे लादण्यात काय अर्थ? शिवाय १००० केव्हीच्या या मोटरवर १० इंची प्रॉप आणि ४एस अशी जोडी लावली, तर प्रवाह वीस अँपिअरच्या पुढे जाईल. २२१२ मोटरची तेवढी ऐपत नाही; तारांचे लाखेचे आवरण जळेल आणि मग खरोखरच नवी मोटर घ्यावी लागेल. थ्रॉटलची टोके चुकली असती, तर जोर पहिल्या सेकंदापासून तेवढाच कमी राहिला असता. चाळीस सेकंदांनी ओसरला नसता.

निमूट
अलिबाग समुद्रसपाटीला आणि पुणे उंचावर. विमानाला दम लागत असेल.

सोलापुरी
निमूट यांनी थट्टेत सांगितले असले, तरी त्यात तथ्य आहे, पण थोडेच. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण पाच टक्के विरळ असते. प्रॉपचा जोर तेवढ्याच प्रमाणात कमी होईल, पण विरळ हवेत प्रॉपला विरोधही कमी होतो आणि मोटर किंचित कमीच प्रवाह घेते. सुरुवातीची सुस्ती त्यातून थोडीफार समजते. मोटर बंद पडणे समजत नाही.

माळावरून
आकडे आणले. अक्षरे पुढच्या दिशेलाच आहेत आणि थ्रॉटलची टोकेही नव्याने शिकवली. विमान खाटेच्या पायाला दोरीने बांधले, मुलाला खोलीबाहेर काढले आणि मी पंखाच्या मागे बसलो.

बॅटरी पूर्ण भरलेली, जोडण्यापूर्वी १२.५ व्होल्ट.
पूर्ण थ्रॉटल देताच : १०.९ व्होल्ट, १२.३ अँपिअर, १३४ वॉट.
चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास : ९.७ व्होल्ट, १०.२ अँपिअर, ९९ वॉट. त्यानंतर लगेच मोटर बंद.

खोलीभर कागद उडाले आणि गृहमंत्र्यांनी या प्रयोगाची नोंद घेतलेली आहे.

घिरट्या
भरलेल्या बॅटरीचे १२.५ वरून १०.९ होतात आणि चाळीस सेकंदांत ९.७! याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? वडापाव चटणीसकट पाठवावा.

बर्फाळ
मी मिनेसोटात राहतो आणि हिवाळ्यातही उडवतो, म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. गारठ्यात लायपोचा अंतर्गत रोध पुष्कळ वाढतो, त्यामुळे आम्ही बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात गरम ठेवतो. थंड बॅटरी लावलीच, तर पहिली काही सेकंदे विमान मरगळलेले असते आणि मग बॅटरी स्वतःच्याच उष्णतेने तापत गेली की जोर सुधारतो. माळावरून यांच्याकडे उलटे घडते आहे. तापत जाईल तसा रोध वाढतो आहे. बॅटरीचा स्वभाव असा नसतो; खराब सांध्याचा असतो.

घिरट्या
बर्फाळ, हे पूर्णपणे पटत नाही. म्हातारी बॅटरी सलग ओझ्याखाली चाळीस सेकंदांतही खचत जाऊ शकते, विशेषतः एखादाच सेल दगा देत असेल तर. माझ्याकडे अशी एक बॅटरी होती : दोन सेल ३.८ वर आणि तिसरा ३.१ वर.

ओहमकार
घिरट्या यांचा आक्षेप रास्त आहे. एकट्या वॉटमीटरवरून बॅटरी दोषी की तिच्यापुढची वाट दोषी, हे ठरवता येणार नाही. पण ते वेगळे करण्याची युक्ती बॅटरीतच आहे. बॅलन्स लीडच्या बारीक तारा थेट सेलांच्या पत्र्यांना जोडलेल्या असतात आणि त्यांतून मोटरचा प्रवाह जात नाही. मोटर पूर्ण थ्रॉटलवर चालू असताना बॅलन्स लीडला सेल चेकर लावून तिन्ही सेलांचे व्होल्ट वाचा, आणि त्याच क्षणी वॉटमीटरचाही आकडा वाचा. दोन्ही आकडे एकत्र कोसळले, तर वडापाव घिरट्या यांचा. सेल ताठ राहिले आणि वॉटमीटर कोसळला, तर दोष दोघांच्या मधल्या भागात.

मोबाइलवर चित्रीकरण करा, म्हणजे दोन्ही पडदे एकाच चौकटीत येतील. आणि प्रॉपच्या फिरण्याच्या रेषेत बोट, मोबाइल, मान यांपैकी काहीही आणू नका.

जुना पंखा
शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन. माझ्या उजव्या तर्जनीवर १९८० च्या दशकातली एक आडवी रेघ अजून आहे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : रेडिओवर चालणारे विजेचे विमान पहिल्यांदा उडाल्याची नोंद १९५७ ची, इंग्लंडमधली आहे. कर्नल टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' नावाचे विमान चांदी-जस्ताच्या बॅटरीवर उडवले होते. वजनाच्या मानाने वीज कशी पुरवायची, हीच त्या काळची खरी चिंता होती.

तिरकी शेपटी
म्हणजे अडचण तेव्हापासून तीच आहे. सेल चेकर तेवढा स्वस्त झाला.

माळावरून
ओहमकार, तुम्ही सांगितले तसे केले. चित्रीकरण तीनदा पाहून खात्री केली. पस्तिसाव्या सेकंदाच्या पुढे, मोटर बंद पडण्याच्या अगोदर :

सेल चेकरवर : ३.९२, ३.९१, ३.९०. बेरीज ११.७३ व्होल्ट.
वॉटमीटरवर : ९.७ व्होल्ट, १०.२ अँपिअर.

दोन व्होल्ट कुठे गेले?

ओहमकार
फार सुंदर मोजमाप. आता गणित करू. ११.७३ वजा ९.७, म्हणजे २.०३ व्होल्ट बॅटरी आणि वॉटमीटर यांच्या मध्ये गळत आहेत. १०.२ अँपिअरला २.०३ व्होल्ट म्हणजे सुमारे ०.२ ओहम रोध. धडधाकट कनेक्टरचा रोध याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. आणि २.०३ गुणिले १०.२ म्हणजे जवळजवळ २१ वॉट उष्णता कुठल्यातरी बोटाच्या पेराएवढ्या जागेत निर्माण होते आहे. सोल्डरिंगची लहान इस्त्री २५ वॉटची असते, यावरून अंदाज करा. चाचणीनंतर तिथे हात लावलात का? बॅटरी आणि वॉटमीटर यांच्या मध्ये नेमके काय काय आहे?

माळावरून
बॅटरीला टी-प्लग जातीचा कनेक्टर आहे आणि ईएससी व वॉटमीटरला एक्सटी ६० जातीचा. त्यामुळे मध्ये एक तयार विकत घेतलेला अडॅप्टर असतो, दोन इंचांचा. विमानातही तोच. तुम्ही विचारल्यावर आत्ता पुन्हा वीस सेकंद चालवून पाहिले. अडॅप्टरच्या टी-प्लगच्या बाजूला बोट टेकवले आणि झटक्यात काढले. काळी नळी चकचकीत झाली आहे आणि जवळ नाक नेले की राळेसारखा वास येतो. एवढे दिवस मी विमान उतरवल्यावर मोटरला हात लावून पाहत होतो, ईएससीला लावून पाहत होतो, बॅटरीला लावून पाहत होतो. त्या अडॅप्टरला कधीच नाही.

सोलापुरी
नळी कापा आणि आतले दृश्य कळवा. आमची झोप उडाली आहे.

माळावरून
ब्लेडने नळी उभी चिरली. ऋण बाजूचा सांधा ठीक दिसतो, सोल्डर गुळगुळीत आणि चमकदार आहे. धन बाजूला मात्र तारेच्या टोकावर राखाडी, खरखरीत गोळी आहे. ती पितळी पट्टीवर नुसती बसल्यासारखी वाटते. सुईने ढोसल्यावर गोळी हलली आणि तिच्याखाली हिरवट डाग दिसला. तारेचे निम्म्याहून अधिक धागे सोल्डरमध्ये कधी शिरलेच नव्हते. ते काळे पडले आहेत आणि बोटाने चुरगाळले की तुटतात.

जुना पंखा
आमच्या भाषेत याला डाख धरला नाही असे म्हणतात. पट्टी पुरेशी तापली नाही की सोल्डर वर थिजतो, आत मिसळत नाही.

ओहमकार
ड्राय सोल्डरचा नमुनेदार मासला. अलिबागच्या खाऱ्या दमट हवेने आणि चार महिन्यांच्या पावसाळ्याने आधीच अर्धवट असलेला सांधा आणखी कुजवला, असा माझा तर्क आहे. पूर्वी उरलेले धागे काम निभावून नेत असावेत. आता गार असताना तो कसाबसा वाहतो, तापला की पसरून सैल होतो, रोध वाढतो, म्हणून आणखी तापतो. तुमचे चाळीस सेकंद इथून आले. उतरून बॅटरी मोजेपर्यंत सांधा निवतो, आणि बॅटरी तर तुम्ही बॅलन्स लीडवरच मोजत असणार. त्या वाटेवर हा सांधा येतच नाही.

अडॅप्टर फेकून द्या आणि बॅटरीलाच एक्सटी ६० लावा. मात्र बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कापू नका. कात्रीचे पाते दोन्हींना टेकले, तर शॉर्ट होऊन मोठी ठिणगी उडेल, आगही लागू शकते. आधी एक तार कापून, सोलून, सोल्डर करून, नळी चढवून पूर्ण करा आणि मगच दुसरीला हात लावा. इस्त्री ६० वॉटची तरी घ्या. तार आणि कनेक्टरच्या पिनेचा कप दोन्हींवर आधी वेगवेगळा सोल्डर चढवा, मग दोघांना एकत्र तापवा. आणि सोल्डर करताना समोरचा सुटा जोडीदार कनेक्टर अडकवून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ पडून पिना तिरक्या होतात.

बर्फाळ
मोटर आणि ईएससी यांच्यामधले तीन गोल कनेक्टरही याच निमित्ताने ओढून पाहावेत. त्यांतला एक सैल असेल, तर मोटर सुरू होताना थरथरते किंवा किंचाळते. हा निराळा दोष आहे, पण खोके उघडलेच आहे तर पाच मिनिटांचे काम.

घिरट्या
वडापाव देणे लागतो, हे जाहीर कबूल करतो. तरीही दोन शब्द माझ्या बाजूने. बॅटरीचे ओझ्याखालचे माप पाहा : उतरल्यावरच्या १२.२ व्होल्टचे तीन भाग केले, तर ४.०७ चा सेल; त्याचे १० अँपिअरला ३.९१ झाले, म्हणजे सेलमागे सुमारे १५ मिलिओहम. या आकाराची चांगली नवी बॅटरी याच्या निम्म्या रोधाची असते. म्हणजे बॅटरी मेलेली नसली, तरी तारुण्य सरलेले आहे. यापुढे तरी भरून ठेवू नका.

ओहमकार
हे मान्य. अर्धा वडापाव परत.

माळावरून
आज सकाळी उडवून आलो. बॅटरीला एक्सटी ६० लावला. पहिला सांधा बिघडला, दुसऱ्यांदा जमला. घरी घेतलेले माप : पूर्ण थ्रॉटलला ११.८ व्होल्ट, १४ अँपिअर, १६५ वॉट, आणि मिनिटभर चालवूनही व्होल्ट पाव-अर्ध्याहून खाली सरकले नाहीत. नवा सांधा कोमट सुद्धा झाला नाही.

माळावर हातातून सोडले, तेव्हा विमान इतके उठले की मलाच एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) खाली द्यावा लागला. सहा मिनिटे चाळीस सेकंद उडवले आणि थोडी बॅटरी राखून उतरवले. जुनीच मोटर पुन्हा बसवली होती, कारण तिचा काही गुन्हा नव्हता.

निमूट
मग ती नवी मोटर विकणार का? किती वापरलेली आहे?

माळावरून
निमूट, दर खेपेला चाळीस सेकंद, अशा पाच खेपा. व्यक्तिगत निरोपात किंमत कळवतो. अडॅप्टर हवा असल्यास सोबत मोफत.